कुणाच्या पोटातलं, कुणाच्या डोक्यात

"पण डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

मेंदूत टेपवर्मची गाठ आहे असं सांगितल्यावर आपल्याकडे पेशंटच्या किंवा त्याच्या आईच्या तोंडून येणारं हे नेहमीचं वाक्य आहे. त्यात माहिती थोडी आणि बचाव जास्त असतो. आम्ही नियम पाळले, जे खाऊ नये ते खाल्लं नाही, मग आमच्याच वाट्याला हे का? आजाराला शिक्षा समजायची आपली सवय जुनी आहे. मधुमेह झाला की गोड किती खात होता, कावीळ झाली की बाहेर कुठे खाल्लं होतं, आणि काहीच सापडलं नाही तर मागच्या जन्माचं काहीतरी. या आजारात ही सवय सपशेल तोंडघशी पडते. ती कशी पडते हे समजायला थोडं जीवशास्त्र लागेल, तेवढं सहन करा.

आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसरकोसिस. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे मी नुसतं 'मेंदूतल्या गाठी' म्हणेन. त्या करणारा जंत म्हणजे टीनिया सोलियम, शाळेच्या पुस्तकातला पट्टकृमी. या जंताची दोन घरं असतात. पहिलं घर माणसाचं लहान आतडं. तिथे तो दोन-तीन मीटर लांब वाढतो, काही वर्षं राहतो, आणि ज्याच्या पोटात तो आहे त्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. जंताच्या शेपटाकडचे तुकडे सुटून शौचावाटे बाहेर पडतात. अशा एका तुकड्यात पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात. दुसरं घर डुकराचं. उघड्यावरची विष्ठा खाताना ही अंडी डुकराच्या पोटात जातात, फुटतात, आणि अळ्या रक्तातून स्नायूंमध्ये जाऊन गाठी करून बसतात. ते मांस नीट न शिजवता माणसाने खाल्लं की गाठीतून पुन्हा आतड्यातला लांब जंत तयार होतो.

आता मुद्दा असा की डुकराचं मांस खाऊन होतो तो पोटातला जंत. मेंदूतली गाठ होते अंडी गिळल्यामुळे, म्हणजे डुकराच्या बाबतीत जे घडतं ते माणसाच्या बाबतीत घडल्यामुळे. अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. शौचाहून आल्यावर साबणाने न धुतलेल्या हातावरून, सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवरून, पाण्यातून. म्हणजे शाकाहाराने पोटातला जंत टळेल, मेंदूतली गाठ टळेलच असं नाही. आणि पूर्ण वाढलेला हा जंत निसर्गात माणसाच्याच आतड्यात राहतो. ज्या डुकराला आपण घाणेरडं म्हणतो, त्याला हा आजार आपण देतो.

कोबीतला किडा मेंदूत जातो, असा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरला असेल. त्यात एक बारकं सत्य आणि एक मोठी लबाडी आहे. कोबीत दिसणारी हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते, तिचा मेंदूशी काही संबंध नाही. टेपवर्मचं अंडं डोळ्यांना दिसतच नाही, मिलिमीटरचे तीस तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढं ते असतं. ते कोबीच्या पानावर असू शकतं, तसं कोथिंबिरीवर, गाजरावर, कुणाच्या बोटावरही असू शकतं. पण फॉरवर्डमध्ये दोष कोबीला देता येतो. कोबी सोडली की आपण सुरक्षित. पानावर माणसाची विष्ठा कशी आली, हे कुणालाच विचारावं लागत नाही.

*

या आजाराचा उपचार ज्यांनी वाचला नसेल त्यांना तो उलटा वाटेल. डोक्यात किडा आहे, तर औषध देऊन मारा, एवढं सोपं ते नसतं. मेंदूतली जिवंत गाठ शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला चकवा देऊन वर्षानुवर्षं गुपचूप बसते. त्रास बहुतेकदा ती मरायला लागल्यावर सुरू होतो. चकवा संपतो, शरीराला ती परकी वस्तू दिसायला लागते, भोवती सूज येते, आणि त्या सुजेमुळे फिट येते. म्हणून अल्बेंडाझोल देऊन गाठ मारायची असेल तर सोबत स्टेरॉइड द्यावं लागतं, आपल्याच शरीराचा हल्ला आवरण्यासाठी. त्याआधी डोळे तपासून घ्यावे लागतात, कारण डोळ्याच्या आत एखादी गाठ असेल आणि ती औषधाने मेली तर दृष्टी जाऊ शकते. एखाद्याच्या मेंदूत शेकडो गाठी असतील, एमआरआयवर चांदण्या पसरल्यासारख्या, आणि मेंदूला सूज असेल, तर जंत मारणारं औषध द्यायचंच नाही, आधी सूज उतरवायची. सगळ्या गाठी एकदम मारणं पेशंटला मारणं ठरू शकतं. गाठ मरून चुन्यासारखी टणक झाली असेल तर मारायला काही उरलेलंच नसतं, तिथे फक्त फिटची गोळी. गाठीमुळे मेंदूतलं पाणी तुंबलं तर ऑपरेशन.

म्हणजे डॉक्टरचं निम्मं कौशल्य कधी मारायचं नाही हे ओळखण्यात आहे. मला हा भाग विलक्षण वाटतो. शत्रू सापडला म्हणून लगेच गोळी झाडायची नसते, हे इतक्या शब्दशः क्वचितच कुठे खरं असतं.

भारतात हे शिकायला वेळ लागला. सीटी स्कॅन आल्यावर फिट येणाऱ्या खूप तरुण पेशंटच्या मेंदूत एकच लहानशी गोल गाठ दिसू लागली. क्षयाच्या देशात डॉक्टरांना आधी क्षयच आठवला, त्यामुळे अनेकांना महिनोन् महिने क्षयाची औषधं दिली गेली. गाठी नाहीशा व्हायच्या आणि औषध लागू पडलं असं वाटायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच गाठी टेपवर्मच्या निघाल्या. हा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे हेही कळलं की अशा एकट्या गाठी पुष्कळदा आपोआप विरून जातात. क्षयाचं औषध घेतलं तरी, न घेतलं तरी. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सर्व्हर आपोआप सावरतो आणि श्रेय शेवटचं बटण दाबणाऱ्याला मिळतं.

फिटचं ओझं औषधापुरतं नसतं. फिट आलेल्याला अजून चप्पल आणि कांदा हुंगवतात. मुलीचं लग्न ठरत असेल तर घरातले गोळ्यांचं पाकीट लपवतात. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी अपस्माराची आकडी हा लग्नाच्या आड येणारा मुद्दा होता, तो शब्द १९९९ साली काढला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार हा जंत जिथे मूळ धरून आहे अशा अनेक भागांत अपस्माराच्या शंभरातल्या तीस केसेसचं मूळ त्याच्यात असतं. इतक्या लोकांना जो आजार टाळता आला असता, त्यासाठी ते दैवाला किंवा स्वतःला बोल लावत बसतात.

*

आता पेशंट बरा झाला असं धरू. गाठ विरली, फिट थांबली, गोळ्या बंद झाल्या. उपचार संपला का?

ज्या पोटातून ते अंडं आलं ते पोट अजून कुठेतरी फिरतं आहे. त्या पोटाच्या मालकाला काहीही होत नाही. तो कामावर जातो, स्वयंपाक करतो, मुलाला घास भरवतो. या आजाराचं मूळ अशा माणसाच्या शरीरात आहे ज्याला स्वतःला आजारी असल्याचं माहीतच नाही. माझ्या दृष्टीने खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. दुसऱ्याच्या डोक्यातल्या आजारासाठी एका धडधाकट माणसाकडे आपण काय मागू शकतो? आणि मागायचं तर त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघून?

न्यूयॉर्कमधली एक गोष्ट या प्रश्नाची नमुनेदार केस आहे. १९९० आणि ९१ मध्ये तिथल्या सनातनी ज्यू समाजातल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या चार जणांना वारंवार फिट येऊ लागल्या आणि मेंदूत टेपवर्मच्या गाठी सापडल्या. डुकराचं मांस धर्माने निषिद्ध, आणि ही माणसं धर्म काटेकोर पाळणारी. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही" याची ही अमेरिकन आवृत्ती. शोध घेतल्यावर माग घरकामाला असलेल्या बायकांपर्यंत पोचला. त्या लॅटिन अमेरिकेतून, हा जंत असलेल्या देशांतून नुकत्याच आलेल्या होत्या. तपासण्यांत एकीच्या पोटात जंत असल्याचं निष्पन्न झालं. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं, आणि शेवटी शिफारस होती की अशा देशांतून नव्याने आलेल्यांना घरकामाला किंवा अन्न हाताळायच्या कामाला ठेवण्याआधी त्यांची टेपवर्मची तपासणी करावी.

वैद्यकीय दृष्टीने शिफारस बरोबर आहे, हे आधी मान्य करू. जंत सापडला तर एका डोसमध्ये जातो. तरीही हे वाक्य मी वाचते तेव्हा एक शब्द खुपतो, 'आधी'. कामाला ठेवण्याआधी. म्हणजे तपासणी नोकरीची अट झाली. त्याच बाईची तीच तपासणी 'तुझ्या पोटात जंत असेल तर तुझ्याच मेंदूला सगळ्यात जास्त धोका आहे, म्हणून तपासू' असं म्हणूनही करता आली असती. हे वाक्य तितकंच खरं आहे. पोटात जंत असलेला माणूस स्वतःच्या हातावरची अंडी स्वतःच गिळू शकतो, आणि मग जवळचे, एका ताटातले, घरातले लोक. असा माणूस त्याच घरात राहत असणं हा मेंदूतल्या गाठींचा सगळ्यात मोठा धोका मानला जातो. म्हणजे त्या बाईच्या मुलांचा नंबर मालकांच्या मुलांच्या आधी लागतो. नमुना तोच, डबी तीच, गोळी तीच. एका पद्धतीत ती पेशंट आहे, दुसऱ्या पद्धतीत ती गळती लागलेला पाइप आहे.

कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा बाऊ कशाला, गोळी पोटात गेली म्हणजे झालं. मला तसं वाटत नाही, कारण शब्द बदलले की वागणं बदलतं. नोकरी जायची भीती असेल तर बाई तपासणी टाळेल, कुणा दुसऱ्याचा नमुना देईल, किंवा निकाल आल्यावर काम सोडून पुढच्या घरी जाईल आणि जंत तिच्यासोबत जाईल. आमच्या कामात मोठा बिघाड झाला की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची बैठक होते. कुणी चूक केली हे बाजूला ठेवून ही चूक होणं शक्य का झालं एवढंच विचारायचं. हे काही आयटीवाले संत आहेत म्हणून नाही. नावं घ्यायला लागलं की लोक लॉग लपवतात, हा अनुभव आहे म्हणून.

अर्थात ही तुलना पुरी पडत नाही. सर्व्हरला आई नसते. ज्या आईच्या आठ वर्षांच्या मुलाला वर्गात फिट आली, तिला 'दोष कुणाचा हा प्रश्न विचारू नका' असं सांगणं उद्धटपणा आहे. कुठून आलं हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. फक्त 'कुठून आलं' आणि 'कुणाचा गुन्हा' हे दोन प्रश्न एकाच दमात विचारले जातात, तिथे घोळ होतो. कारण म्हणजे दोष नव्हे. ज्या माणसाला आपल्या पोटात काय आहे हे ठाऊकच नाही, त्याने गुन्हा केला असं म्हणता येत नाही. त्याच्यामुळे हे घडलं, हे मात्र खरं असू शकतं.

शिवाय बहुतेक वेळा गुन्हेगार सापडणं अशक्यच असतं. याचा पुरावा आपल्याच देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश सैनिक हिंदुस्थानात नोकरी करून इंग्लंडला परत जायचे, आणि काही वर्षांनी त्यांना फिट यायला लागायच्या. इंग्लंडमध्ये हा आजार लागण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, त्यामुळे लागण हिंदुस्थानातच झाली असणार हे उघड होतं. डिक्सन आणि लिप्सकॉम्ब यांनी अशा ४५० पेशंटांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध केला. लागण आणि पहिली फिट यांच्यातलं अंतर सरासरी पाच वर्षांच्या आसपास निघालं, आणि काहींच्या बाबतीत ते तीस वर्षांपर्यंत लांबलं. पाच वर्षांत आपण किती हातचं खातो? मेस, टपरी, लग्न, भंडारा, हॉस्टेल, दोन-तीन स्वयंपाकाच्या मावशी, आजी, स्विगी. त्यातला नेमका एक हात शोधायचा म्हटलं तर शोध हमखास जाऊन थांबतो तो सगळ्यात गरीब माणसापाशी, कारण तिथे थांबायची आपल्याला सवय आहे. कदाचित तो हात पार्टीत अर्धवट शिजलेलं पोर्क चिली खाऊन आलेल्या आपल्या फ्लॅटमेटचा असेल. त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. तो इंग्लिश बोलतो.

आयरिस मॅरियन यंग नावाची अमेरिकन तत्त्वज्ञ होती. अन्याय जेव्हा अनेकांच्या साध्यासुध्या वागण्यातून मिळून तयार होतो, तेव्हा दोषी शोधण्याची कोर्टासारखी पद्धत अपुरी पडते, असं तिचं म्हणणं. जबाबदारीचं तोंड पुढे असावं. ज्या व्यवस्थेत आपण सगळे भाग घेतो ती बदलायची जबाबदारी भाग घेणाऱ्यांवर येते, गुन्हा सिद्ध न होताही. हे वाचताना मला कपड्यांचे कारखाने आठवले नाहीत, जे तिचं आवडतं उदाहरण होतं. मला आमच्या सोसायटीचा जिना आठवला.

*

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत ऐंशी फ्लॅट आहेत. सकाळी साडेसहापासून दुपारी एकपर्यंत स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावशी वर-खाली करत असतात, एकेकीकडे चार-पाच घरं. मधे त्या लघवीला, शौचाला कुठे जातात, हा प्रश्न मी इथे राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं माझ्या डोक्यात आला नाही. आला तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "जातच नाही ताई. सकाळपासून पाणी कमी पिते." बऱ्याच घरांमध्ये मावशींनी घरातलं टॉयलेट वापरलेलं चालत नाही. तसं कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. जाणं अगदीच टाळता आलं नाही तर मागच्या रिकाम्या प्लॉटवर. तिथे नळ नाही.

आता हे त्या शिफारशीशेजारी ठेवून बघा. ज्या हाताने आपली पोळी लाटली जाते तो हात स्वच्छ हवा, ही आपली अपेक्षा अगदी रास्त. पण त्या हाताला शौचानंतर साबण आणि वाहतं पाणी मिळेल अशी एकही जागा आपण ठेवलेली नाही. टॉयलेट विटाळेल म्हणून तिला बाहेर ठेवायचं, आणि मग तिच्या हाताची भीती बाळगायची. मावशींच्या पोटात जंत आहे असं मी म्हणत नाही, तसं समजायला काही आधारही नाही. असता तरी त्याची वाट सोपी करून देणारी रचना आमची आहे, एवढंच म्हणते. माणसाच्या विष्ठेपासून माणसाच्या तोंडापर्यंतचा रस्ता बंद झाला तर हा जंत संपतो. त्या रस्त्यावरचा एक तुकडा आमच्या कंपाउंडला लागून आहे.

शुद्ध शाकाहारी पाटी लावलेल्या घरांत ही रचना जास्त कडक असते, असं माझं निरीक्षण आहे. निरीक्षण म्हणजे सर्वेक्षण नव्हे, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

*

आता या प्रश्नाची दुसरी, जास्त अवघड बाजू. तपासत बसण्याऐवजी सगळ्यांनाच औषध दिलं तर? कुणावर बोट ठेवायला नको, कुणाची नोकरी जायला नको.

पेरूच्या उत्तरेला तुंबेस नावाच्या प्रदेशात हे करून पाहिलं. हेक्टर गार्सिया आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पद्धती आजमावल्या आणि शेवटी १०७ खेड्यांत, सुमारे ८१ हजार माणसांच्या वस्तीत मोहीम राबवली. माणसांना जंताचं औषध, डुकरांना औषध आणि लस. अहवाल २०१६ साली आला. १०७ पैकी १०५ खेड्यांत जंताचा फेरा तुटला होता. डुकरांसाठीची अशी लस आता हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी बनवते, म्हणजे औषध आपल्या घरातच आहे.

पण इथे एक काटा आहे. पोटातला जंत मारायला दोन मुख्य औषधं आहेत. निक्लोसामाइड आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, पोटातच काम करतं. प्राझिक्वांटेल रक्तात जातं, मेंदूपर्यंत पोचतं. एखाद्याच्या मेंदूत कधीची एक गुपचूप गाठ असेल, त्याला ठाऊकही नसेल, तर हे औषध तिला डिवचू शकतं आणि त्याला आयुष्यातली पहिली फिट येऊ शकते. काल धडधाकट असलेला माणूस, आपण त्याला दुसऱ्यांच्या भल्यासाठी गोळी दिली, आणि आज तो जमिनीवर तडफडतो आहे. लाखात किती, असा हिशेब मांडता येतो आणि मांडावाही. पण ज्याला फिट आली त्याच्यासाठी हिशेबाला अर्थ नाही.

या जंताबद्दलचं ज्ञानही फार सोवळ्या मार्गाने आलेलं नाही. डुकराच्या मांसातल्या गाठींतून माणसाच्या पोटातला जंत होतो हे फ्रिड्रिख क्यूखनमाइस्टर या जर्मन डॉक्टरने १८५५ साली दाखवून दिलं. कसं, तर मृत्युदंड झालेल्या कैद्याला त्या गाठी अन्नातून खाऊ घालून, आणि शिक्षा झाल्यावर त्याचं आतडं उघडून. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. तो तर मरणारच होता, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. एका माणसाच्या शरीराचा उपयोग दुसऱ्यांसाठी करायचा आणि त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्या प्रयोगातली खोड आजच्या गोळीवाटपातही येऊ शकते. रांगेत उभं करायचं, हातावर गोळी ठेवायची, पाणी द्यायचं, पुढचा.

माझं मत विचाराल तर सगळ्यांना गोळी द्यावी. एका बाजूला स्वस्त गोळी आणि लहान धोका, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांच्या फिट, मोडलेली लग्नं, विहिरीत किंवा चुलीत पडलेली माणसं. तराजू कुठे झुकतो हे दिसतं. पण दुसऱ्यांच्या फायद्यासाठी धडधाकट माणसाला औषध देणाऱ्यावर एक कर्ज चढतं. शक्य असेल तिथे रक्तात न जाणारं औषध निवडायचं, जरी ते मिळवायला खटपट जास्त असली तरी. कुणाला पूर्वी फिट आली आहे का, सतत डोकं दुखतं का, हे आधी विचारायचं. कुणासाठी ही गोळी आहे आणि तिने काय होऊ शकतं हे त्याच्या भाषेत सांगायचं. आणि कुणाला त्या गोळीने फिट आली तर त्याचा एमआरआय, औषधं, बुडालेली मजुरी हे सगळं मोहिमेच्या खर्चात धरायचं, त्याच्या नशिबाच्या खात्यात नाही. गोळी वाटून गाडी पुढच्या गावाला गेली आणि मागे एकजण तालुक्याच्या दवाखान्यात स्वतःच्या पैशाने सीटी स्कॅन काढतोय, असं होणार असेल तर ते वाटप मला मान्य नाही, आकडे कितीही चांगले आले तरी.

न्यूयॉर्कच्या शिफारशीलाही हीच कसोटी लावता येते. त्या बायकांकडून तपासणी मागितली, ठीक. बदल्यात त्यांना काय मिळालं? औषधाचा खर्च कुणाचा, तपासणीच्या दिवसाचा पगार कुणाचा, निकाल काहीही आला तरी नोकरी राहील हे कुणी लिहून दिलं?

आमच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमागे एक टॉयलेट बिल्डरने बांधून ठेवलेलं आहे, नकाशात त्याचं नाव 'सर्व्हंट टॉयलेट'. ते कुलूपबंद असायचं आणि किल्ली सेक्रेटरी काकांकडे. मागच्या वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी आणि मी ते उघडायचा विषय काढला. मेंटेनन्स वाढेल, बाहेरचे लोक वापरतील, साफ कोण करणार, असं सगळं झालं. मी टेपवर्मचं काही बोलले नाही. बोलले असते तर टॉयलेट लगेच मिळालं असतं बहुतेक, पण त्यासोबत मावशींच्या तपासणीचा ठरावही आला असता. काकू मात्र उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, की सात तास लघवी धरून ठेवून कुणी बघा. किल्ली आता केबिनमधल्या खिळ्यावर असते. बेसिनला पाणी येतं. साबणाचे पैसे कुठल्या खात्यातून, ते पुढच्या मीटिंगला ठरणार आहे.